'ग्राँ-मेर': एका फ्रेंच विशेषणाचें जुनें रूप

गेल्या वर्षीं आमच्या फ्रेंचच्या वर्गास "माझी आजी" या विषयावर दहा ओळी लिहून आणावयास सांगितल्या होत्या. वह्या तपासतांना एका मुलाच्या वहींत आजी या अर्थीं 'ग्राँद मेर' असे शब्द आढळले. आम्हीं त्यांखालीं तांबडी रेघ ओढिली, वर 'ग्राँ-मेर' असें लिहिलें आणि अर्धा गुण कापला. हा लेख त्या अर्ध्या गुणाविषयीं आहे.

ज्यांस फ्रेंच येत नाहीं अशा वाचकांसाठीं, विशेषतः पालकांसाठीं, प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. फ्रेंच भाषेंत 'मेर' म्हणजे आई, 'पेर' म्हणजे बाप, आणि 'ग्राँ' म्हणजे मोठा. (फ्रेंच उच्चार देवनागरींत हुबेहूब उतरत नाहींत, जवळचे तेवढे येथें दिले आहेत.) विशेष्य स्त्रीलिंगी असलें म्हणजे विशेषणाच्या शेवटीं रोमन लिपींतील 'ई' हें अक्षर जोडावें, असा नियम पहिल्याच महिन्यांत शिकवितात. हें 'ई' स्वतः मुकें असतें; परंतु त्याच्या आधारानें मागचें मुकें व्यंजन बोलूं लागतें. म्हणून पुल्लिंगीं 'ग्राँ' आणि स्त्रीलिंगीं 'ग्राँद'. मोठें घर म्हणजे 'ग्राँद मेझों', मोठें शहर म्हणजे 'ग्राँद वील'; कारण घर व शहर हे दोन्ही शब्द त्या भाषेंत स्त्रीलिंगी आहेत. तेव्हां त्या मुलानें पुस्तकांतील नियमच पाळला होता. पण फ्रेंच मनुष्य 'ग्राँद मेर' हे शब्द वाचील तर कोणा उंच बांध्याच्या आईचें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहील, सुरकुतलेल्या हातांच्या आजीचें नव्हे. आजीला तो 'ग्राँ-मेर' म्हणतो. आई स्त्रीलिंगी, आजी स्त्रीलिंगी, आणि विशेषण मात्र पुल्लिंगी दिसतें!

वह्या परत दिल्या त्या दिवशीं मागच्या बांकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, नात म्हणजे 'पतीत-फीय', त्यांत 'पती'चें 'पतीत' झालें. सासू म्हणजे 'बेल-मेर'. तेथें 'बो'चें 'बेल' झालें. मग आजीनेंच असा काय अपराध केला?" वर्ग हंसला. आम्हांस आमच्या गुरूंनीं जें उत्तर दिलें होतें तेंच आम्हीं दिलें: आजीच्या शब्दांतहि मूळचें 'ई' होतेंच, पण फार वापरून तें झिजून गेलें, जुन्या पुस्तकांत 'ग्राँ' आणि 'मेर' यांच्यामध्यें वर एक स्वल्पविरामासारखें चिन्ह दिसतें, तें त्या गेलेल्या अक्षराची खूण होय.

मुलगी खालीं बसली नाहीं. "पण सर, तें चिन्ह पुढचा शब्द स्वरानें सुरू होत असला म्हणजेच येतें ना? 'ला एकॉल'चें 'लेकॉल' होतें तें तसें. 'मेर'च्या आरंभीं तर 'म' आहे."

तिचें म्हणणें बिनतोड होतें. आम्ही "हा अपवाद आहे, पाठ करा" असें म्हणून पुढच्या धड्याकडे वळलों. हें वाक्य ऐकल्यावांचून कोणाचें शालेय जीवन पुरें झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्या रात्रीं आमचें समाधान होईना, आणि पुढील कांहीं दिवस जुनीं पुस्तकें चाळल्यावर जें कळलें तें असें कीं, चूक त्या मुलाची जितकी होती तितकीच आमचीहि होती.

फ्रेंच ही लॅटिन भाषेची लेक. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत जूलियस सीझरनें गॉल देश जिंकला, रोमन शिपाई व व्यापारी तेथें वसले, आणि त्यांची बोली हळूहळू त्या देशाची बोली झाली. या लॅटिन भाषेंत विशेषणांचीं दोन मोठीं कुळें होतीं. एका कुळांत पुल्लिंग व स्त्रीलिंग यांचीं रूपें वेगळीं: चांगला तो 'बोनुस', चांगली ती 'बोना'. दुसऱ्या कुळांत दोहोंस एकच रूप: मोठा तोहि 'ग्रांदिस' आणि मोठी तीहि 'ग्रांदिस', कर्माच्या ठिकाणीं दोघांचेंहि 'ग्रांदेम'. आपल्या मराठींत याच्याजवळची स्थिति आहे. 'मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठें मूल' असें आपण म्हणतों. पण 'हुशार मुलगा, हुशार मुलगी, हुशार मूल' यांत 'हुशार' जागचा हलत नाहीं. 'हुशारी मुलगी' असें कोणी लिहिलें तर त्याला हंसतील. आणि 'हुशार' शब्दांतील दीर्घ 'ई' झिजून गेली असें कोणी पंडितानें सांगितलें तर त्याला अधिकच हंसतील. आमची गत या पंडितासारखी झाली होती.

लॅटिनची फ्रेंच होत असतां शब्दांच्या शेवटचे स्वर गळत गेले. त्यांत एकटा 'आ' टिकला, तोहि दुबळा होऊन. त्याचेंच आजचें मुकें 'ई' झालें. म्हणून 'बोना' शब्दाचें 'बॉन' झालें व त्याच्या शेवटीं 'ई' राहिलें. 'ग्रांदेम' शब्दाच्या शेवटीं 'आ' नव्हताच. तेव्हां त्याचा शेवट गळून 'ग्रांत' एवढेंच उरलें, आणि तें बापालाहि लागे व आईलाहि लागे. इ. स. ११०० च्या सुमाराच्या 'रोलाँचें गीत' या प्रसिद्ध वीरकाव्यांत स्त्रीलिंगी नामांपूर्वीं हेंच उघडें 'ग्रांत' येतें. थोडक्यांत, 'ग्राँ-मेर' या शब्दांतून 'ई' गेलेलें नाहीं. तें तेथें कधीं आलेंच नव्हतें. जें आज अपवाद म्हणून पाठ करवितात तोच एके काळीं नियम होता.

या 'ग्रांत'मधील 'त' अजूनहि पुरता मेलेला नाहीं. पुढें स्वर आला म्हणजे तो जागा होतो: थोर पुरुष या अर्थीं 'ग्राँ' व 'ऑम' हे शब्द जोडून उच्चारले कीं 'ग्राँतॉम' असें ऐकूं येतें. लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांनीं मूळ शब्दाच्या आठवणीनें लेखनांत 'द' घातला. जिभेनें मात्र 'त' सोडला नाहीं.

मग आजचें 'ग्राँद' आलें कोठून? देखादेखीनें. चांगली, सुंदर, लहान, शुभ्र अशीं पुष्कळ विशेषणें स्त्रीलिंगीं 'ई' घेत. तीं रोज ऐकून लोकांच्या मनांत असें बसलें कीं स्त्रीलिंगीं 'ई' असावेंच. मध्ययुगाच्या उत्तरार्धांत 'ग्राँद' हें रूप वाढत गेलें आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक सर्वत्र रुळलें. हें कोणीं हुकूम काढून केलें नाहीं, आणि कोणीं अडविलेंहि नाहीं. अशी देखादेखी आपल्याहि घरांत चालते. 'ताजा' हा शब्द फारसी. तिकडे तो लिंगाप्रमाणें बदलत नाहीं. परंतु शेवटीं 'आ' पाहून मराठींनें त्याला 'मोठा'च्या पंक्तीस बसविलें, आणि आपण ताजी भाजी व ताजें दूध म्हणूं लागलों. 'जादा' हाहि तिकडूनच आलेला आणि शेवटीं 'आ' असलेलाच. पण 'जादी रक्कम' असें अजून कोणी म्हणत नाहीं. एक शब्द ओढला गेला, एक राहिला. भाषेचा कारभार असा असतो.

फ्रेंचमध्येंहि कांहीं शब्द असे राहिले. 'ग्राँ' हें विशेषण एखाद्या नामाशीं नित्य जोडून बोललें जाई तेथें लोकांस तें निराळें विशेषण वाटेनासें झालें. दोन शब्द मिळून एकच नांव झालें, आणि नव्या नियमाची लाट त्याच्या बाजूनें निघून गेली. आजी 'ग्राँ-मेर', आजोबांची किंवा आजीची बहीण 'ग्राँ-ताँत', गांवांतील मुख्य पेठेचा रस्ता 'ग्राँ-र्यू', गांवाबाहेरील हमरस्ता 'ग्राँ-रूत', रोमन कॅथॉलिक मंदिरांत गायनासह होणारी मोठी मिस्सा 'ग्राँ-मेस'. फार भूक लागली असतां 'ग्राँ-फँ' लागली म्हणतात, फार तहान लागली असतां 'ग्राँ-स्वाफ'. मोठ्या कष्टानें या अर्थीं 'आ ग्राँ-पेन'. विशेष कांहीं नाहीं या अर्थीं 'पा ग्राँ-शोझ' हे शब्द तर दिवसांतून दहा वेळां कानीं पडतात. हीं सर्व नामें स्त्रीलिंगी आहेत आणि सर्वांबरोबर विशेषण उघडें आहे. यांत घर, स्वयंपाक, रस्ता व देऊळ यांतलेच शब्द फार आहेत हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. १६९७ सालीं शार्ल पेरो यानें तांबड्या टोपीच्या मुलीची गोष्ट छापली. तींत मुलगी आजीला 'मेर-ग्राँ' म्हणते, म्हणजे विशेषण मागें गेलें तरी उघडेंच राहिलें आहे.

'ग्राँ'चे भाऊबंदहि कोठें कोठें सांपडतात. बळकट या अर्थाचें 'फॉर' हें त्याच कुळांतील विशेषण. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रॉशफॉर नांवाचें शहर आहे; १६६६ सालीं चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें तेथें आरमाराची गोदी उभारली. 'रॉश' म्हणजे खडक, हा शब्द स्त्रीलिंगी. आजच्या नियमानें 'रॉशफॉर्त' व्हावयास पाहिजे होतें. परंतु गांवाचें नांव नियमापेक्षां वडील आहे. 'रेफॉर' म्हणून एक झणझणीत मूळ तिकडे तोंडीं लावण्यास घेतात. त्या नांवांतहि मूळ या अर्थाचा जुना स्त्रीलिंगी शब्द आणि उघडें 'फॉर' आहे. राजाज्ञेच्या पत्रांस जुने वकील 'लेत्र र्‍वायो' म्हणत. 'लेत्र' स्त्रीलिंगी असूनहि विशेषण पुल्लिंगाच्या वेषांत. वकिलांस जुनें सोडवत नाहीं हें सर्व देशांत सारखेंच!

आतां विद्यार्थ्यांच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट. फ्रेंच क्रियाविशेषणें बनवितांना विशेषणाच्या स्त्रीलिंगी रूपास 'माँ' हा प्रत्यय लावितात. हा प्रत्यय 'मेंते' या लॅटिन शब्दापासून आला. त्याचा अर्थ 'मनानें'. मन हा शब्द लॅटिनमध्यें स्त्रीलिंगी, म्हणून त्याचें विशेषणहि स्त्रीलिंगी. सुखी मनानें, तें सुखानें. असा त्याचा उगम. मग 'कोंस्ताँ' (सतत) यापासून 'कोंस्तामाँ' होतें आणि 'प्रुदाँ' (सावध) यापासून 'प्रुदामाँ' होतें, त्यांत स्त्रीलिंगाचें 'ई' कां नाहीं? पुस्तकें येथें एक वेगळा नियम देतात आणि मुलें तो घोकतात. खरें कारण एवढेंच कीं, हीं विशेषणें 'ग्रांदिस'च्या कुळांतील आहेत. क्रियाविशेषणें बनलीं त्या काळीं त्यांस स्त्रीलिंगाचें वेगळें रूप नव्हतें. याची खूणगांठ पाहा. 'लाँ' (हळू) हें विशेषण कानाला त्यांच्यासारखेंच लागतें, तरी त्याचें क्रियाविशेषण 'लामाँ' होत नाहीं, 'लाँतमाँ' होतें. कां? लॅटिनमध्यें त्याचें मूळ 'लेंतुस, लेंता' असें आहे. तें 'बोनुस, बोना' यांच्या कुळांतील. दोन हजार वर्षांपूर्वीं कोण कोणाच्या घरचा होता हें या एका अक्षरावरून अजून ओळखतां येतें. 'प्रेझाँतमाँ' (सांप्रत) यासारखे एकदोन शब्द या हिशेबांत बसत नाहींत, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ते घोकावेच लागतील.

आतां त्या चिन्हाकडे येऊं, कारण आमच्या गुरूंची व आमची फसगत त्यानेंच केली. सोळाव्या शतकांत छापखान्यांबरोबर फ्रेंच लेखनांत हें वरचें चिन्ह आलें. त्या वेळच्या विद्वानांस जुनी भाषा अपरिचित झाली होती. त्यांनीं 'ग्राँ मेर' पाहिलें, तेथें 'ई' असलेंच पाहिजे असें गृहीत धरलें, आणि ज्या अक्षराचा जन्मच झाला नव्हता त्याच्या मरणाची खूण शब्दावर उभी केली. ही खूण सुमारें चार शतकें टिकली. शब्द म्हणणाऱ्या अडाणी आज्यांनीं जुनें रूप बिनचूक संभाळलें होतें, आणि चूक झाली ती शिकलेल्यांच्या हातून. एकोणिसाव्या शतकांत जुने हस्तलिखित ग्रंथ उजेडांत येऊं लागले तेव्हां हा प्रमाद उमगला. एमील लित्रे याचा मोठा कोश १८६३ पासून पुढें प्रसिद्ध झाला. त्यानें हें चिन्ह अस्थानीं असल्याचें दाखवून दिलें. फ्रेंच अकॅडमी ही १६३५ सालीं स्थापन झालेली संस्था. तिनें आपल्या कोशाच्या आठव्या आवृत्तीच्या १९३२ च्या भागांत तें चिन्ह काढून त्या जागीं जोडरेघ घातली. म्हणून विद्यार्थ्यांस त्यापूर्वींच्या छापील पुस्तकांत चिन्ह दिसेल व नंतरच्या पुस्तकांत जोडरेघ. जुन्या सवयीनें चिन्ह लिहिणारे पुढेंहि राहिले. स्ट्रासबुर्ग शहरांतील 'ग्राँ-र्यू'चें नांव अद्याप चिन्हासह लिहितात.

आजीला 'मोठी' कां म्हणावें, हाहि एक प्रश्न आहे. लॅटिनमध्यें आजीला 'आविया' म्हणत. त्याच शब्दाला लाडिक प्रत्यय लागून फ्रेंचमध्यें 'आय्यल' हा शब्द आला. तो आतां ग्रंथांतच आढळतो. तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्याची आजी लोईस हिचा उल्लेख आहे, तेथें लुई सगों यांच्या प्रसिद्ध फ्रेंच भाषांतरांत हाच शब्द घातलेला आहे. घरांत मात्र 'ग्राँ-मेर' आली. 'ग्रांदिस' याचा लॅटिनमधील जुना अर्थ केवळ आकारानें मोठा असा नव्हता. भरीस आलेलें पीक, पूर्ण वाढलेलें माणूस, वयानें वडील, असे अर्थ त्यांत होते. थोर या अर्थीं दुसरा शब्द 'माग्नुस' असे. तो फ्रेंच बोलींतून नाहींसा झाला व शार्लमाञ बादशहाच्या नांवांत तेवढा राहिला. तेव्हां 'ग्राँ-मेर' म्हणजे उंच आई नव्हे, वडीलपणाची आई. आपल्या 'आजा' व 'आजी' या शब्दांचें मूळ 'आर्यक' असें भाषाशास्त्रज्ञ देतात. त्यांतहि 'आर्य' म्हणजे पूज्य हें विशेषणच आहे. दोन दूरच्या देशांत घरच्या म्हाताऱ्या माणसास नांव देतांना आदराचेंच विशेषण पुढें केलें गेलें. इंग्रजांनीं तर 'ग्रँड' हा शब्दच फ्रेंचांकडून घेऊन आपल्या 'मदर'ला जोडला. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर जे शब्द तिकडे गेले त्यांत आजी या अर्थाचा 'ग्रँडम' हाहि होता, आणि त्यांतहि विशेषण उघडेंच आहे.

हा सर्व प्रकार आम्हीं पुढच्या आठवड्यांत वर्गापुढें मांडला, आणि आधीं दिलेलें उत्तर चुकीचें होतें हेंहि सांगितलें. ज्या मुलाचा अर्धा गुण कापला होता त्यानें लगेच हात वर केला. त्याचें लिहिणें चूकच होतें. परीक्षेंत 'ग्राँद मेर' लिहिल्यास गुण मिळणार नाहीं, आणि इतिहास कळला म्हणून 'ग्राँ मेझों' लिहिल्यासहि मिळणार नाहीं, कारण जुनें रूप वर दिलेल्या ठराविक जोडशब्दांपुरतेंच जिवंत आहे. पण त्यानें जो नियम लावला तो आम्हींच शिकविला होता, व त्याची मर्यादा शिकविली नव्हती. अर्धा गुण परत दिला.

त्या मुलीनें मात्र तेवढ्यावर सोडलें नाहीं. "सर, अनेक आज्या असल्या तर?" चिन्हाच्या काळीं 'ग्राँ' या भागास अनेकवचनाचा 'एस' लावीत नसत, आजोबांच्या 'ग्राँ-पेर' शब्दास मात्र दोन्ही भागांस लावीत. चिन्ह गेल्यावर आज्यांसहि तो लावण्याचें कारण निघालें, आणि हल्लीं दोन्ही प्रकारचीं लेखनें आढळतात. उच्चारांत कांहींच फरक पडत नाहीं. आम्हीं तिला सांगितलें कीं, दोन्ही भागांस 'एस' लावावा, म्हणजे आजी व आजोबा एका मापानें मोजले जातील; आणि दुसऱ्या प्रकारानें कोणीं लिहिलें तर निदान आमच्या वर्गांत गुण कापला जाणार नाहीं.